दोन सर्व्हरचा एचए (हाय अव्हेलेबिलिटी) क्लस्टर: आधी फेन्सिंग, मग बाकीचं सगळं

"क्लस्टर लावला होता, पण नेमका गरजेच्या दिवशी चाललाच नाही." असं सांगणाऱ्याकडे गेलो की मी आधी एकच सेटिंग बघतो: स्टॉनिथ-एनेबल्ड, म्हणजे फेन्सिंग चालू आहे की नाही. फेन्सिंग म्हणजे गप्प झालेल्या सर्व्हरला जबरदस्तीने बंद करणं, म्हणजे त्याचं काम दुसऱ्याला बिनधोक देता येतं. बहुतेक वेळा ते 'फॉल्स' असतं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून कुणीतरी "सध्या बंद ठेवू, नंतर करू" म्हणत ते बंद केलेलं असतं, आणि ते 'नंतर' उजाडलेलंच नसतं.

माणसं हुशार असतात, क्रम चुकतो. पॅकेजं टाकली, व्हर्च्युअल आयपी इकडून तिकडे उडवून दाखवला, साहेबांना डेमो दिला, डेटाबेस चढवला. फेन्सिंगची पाळी येईपर्यंत सिस्टीम लाइव्ह झालेली. आता लाइव्ह सर्व्हर मुद्दाम पाडून बघायची परवानगी कोण देणार?

खालचा क्रम वेगळा आहे. डोळ्यांसमोर ठेवलेला सेटअप असा: दोन फिजिकल सर्व्हर, रॉकी किंवा अल्मा लिनक्स ९, पेसमेकर (कुठली सर्व्हिस कुठे चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (सर्व्हरना एकमेकांशी बोलतं ठेवणारा), दोघांना दिसणारा सॅनवरचा (सामायिक स्टोरेजवरचा) एक लन, म्हणजे डिस्क, त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टीम आणि पोस्टग्रेस डेटाबेस, आणि समोर एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे चालू सर्व्हरकडे सरकणारा पत्ता. एका वेळी एकाच नोडवर (सर्व्हरवर) डेटाबेस चालणार. तुमच्याकडे सॅनऐवजी डीआरबीडी (दोन सर्व्हरच्या डिस्क नेटवर्कवरून सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तरी टप्पे बदलत नाहीत.

टप्पा ०: क्लस्टर खरंच हवाय का?

आधी कागदावर हिशोब करा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ५२ मिनिटं. ऑफिस दहा ते सहा चालतं आणि तासभर बंद पडलं तर लोक चहा पिऊन येतात, अशी परिस्थिती असेल तर चांगला बॅकअप आणि तयार ठेवलेलं स्पेअर मशीन पुरतं. नीट न लावलेला क्लस्टर हा एकट्या सर्व्हरपेक्षा जास्त वेळा पडतो, हे माझं अनुभवाचं मत.

दुसरं, क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकीची डिलीट क्वेरी मारली तर फेलओव्हर झाल्यावर, म्हणजे काम दुसऱ्या नोडकडे गेल्यावर, तिथेही तो डेटा नसणारच. लन एकच आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, तेव्हा बॅकअपच्या बऱ्याच पद्धती कागदावर होत्या आणि ऐनवेळी चालणाऱ्या फार थोड्या. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तेव्हा रिस्टोर करून पाहिलेला बॅकअप हातात नसेल तर इथेच थांबा, आधी ते काम करा.

टप्पा १: रॅकसमोर उभं राहून केबल मोजा

या टप्प्याला कीबोर्ड लागत नाही, म्हणून सगळे तो गाळतात. कागदावर दोन्ही सर्व्हर काढा. प्रत्येक पॉवर सप्लायची वायर कुठल्या पीडीयूत (रॅकमधल्या पॉवर पट्टीत) जाते, तो पीडीयू कुठल्या यूपीएसवर, तो यूपीएस कुठल्या एमसीबीवर, इथपर्यंत रेघ ओढा. नेटवर्कचंही तसंच. ड्रॉइंग जुनं असतं, त्यामुळे बोट ठेवून केबल हाताने मागे नेत बघायची.

एका पतसंस्थेत दोन यूपीएस पाहून मी खूश झालो होतो. वायरमनला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, यूपीएस दोन आहेत, पण मागे दोघांची वायर एकाच एमसीबीवर घेतलीय. जागा नव्हती." एमसीबी ट्रिप झाला असता तर दोन्ही यूपीएस एकदमच बॅटरीवर गेले असते आणि बहुधा एकदमच झोपले असते.

हे तपासा:
- प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर आहेत का?
- क्लस्टरच्या दोन लिंक दोन वेगळ्या स्विचमधून जातात का?
- सर्व्हरच्या बीएमसीला स्वतःचा वेगळा नेटवर्क पोर्ट आहे का? बीएमसी म्हणजे इथे मुंबईची महापालिका नव्हे. आयलो किंवा आयड्रॅक म्हणतात तो मदरबोर्डवरचा छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर. काही सर्व्हरवर तो सर्व्हरच्याच लॅन पोर्टवर वाटून चालतो. तसं असेल तर एक केबल निघाली की सर्व्हरही दिसेना आणि त्याला बंद करायचा रस्ताही बंद.
- सॅनला दोन कंट्रोलर आणि दोन पाथ आहेत का? नसतील तर तुमचा क्लस्टर सॅनच्या एका कार्डाइतकाच भक्कम. हे वरिष्ठांना लेखी कळवा.

टप्पा २: नावं, वेळ आणि फायरवॉल

इथे पटकन उरका, पण एकही गाळू नका.

1. दोन्ही नोडची नावं आणि पत्ते दोघांच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. क्लस्टर डीएनएसवर अवलंबून ठेवू नका.
2. क्रोनी लावून घड्याळं जुळवा. पेसमेकरला याची फार गरज नसते, पण रात्री दोन वाजता दोन नोडचे लॉग शेजारी ठेवून वाचताना तुम्हाला असेल.
3. फायरवॉलमध्ये पीसीएसडीसाठी ('पीसीएस' ही क्लस्टर चालवायची कमांड, तिची सर्व्हिस) टीसीपी २२२४ आणि कोरोसिंकसाठी यूडीपी ५४०५ पासूनचे पोर्ट उघडा. फायरवॉलडीमधली 'हाय-अव्हेलेबिलिटी' सर्व्हिस चालू केली की हे आपोआप होतं.
4. पोस्टग्रेस सिस्टमडीमधून (लिनक्सच्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेतून) डिसेबल करा, दोन्ही नोडवर. लनची ओळ एफएसटॅबमध्ये (बूटला माउंट होणाऱ्या डिस्कच्या यादीत) असेल तर काढा.
5. एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या) कॉन्फिगमध्ये सिस्टम आयडीचा सोर्स 'यूनेम' करा आणि त्या व्हॉल्यूम ग्रुपचं ऑटो-ॲक्टिव्हेशन बंद करा, म्हणजे बूट होताना दोन्ही नोड त्याच्यावर झडप घालणार नाहीत.

> सावधान: चौथा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. क्लस्टरच्या ताब्यातली गोष्ट सिस्टमडीनेही चालू केली की मालक दोन होतात. सहा महिने सुरळीत जातं, आणि एका रीबूटला गोंधळ होतो.

टप्पा ३: कोरोसिंक आणि तिसरं मत

दोन नोडच्या क्लस्टरची मूळ अडचण अशी: दोघांमधलं बोलणं तुटलं की प्रत्येकाला वाटतं, समोरचा मेला. बहुमत काढावं तर एकास एक. तीन नोड असते तर दोघं मिळून तिसऱ्याला बाहेर काढू शकले असते. इथे पंच कोण?

कोरोसिंकमध्ये 'टू-नोड' नावाची सवलत आहे. ती चालू असली की एकच नोड उरला तरी कोरम (काम चालवायला लागणारं बहुमत) शाबूत मानला जातो. तिच्याबरोबर 'वेट-फॉर-ऑल' आपोआप चालू होतं: क्लस्टर पहिल्यांदा उठताना दोन्ही नोड एकमेकांना दिसल्याशिवाय कुणीही काम सुरू करत नाही. ते बंद करू नका. बंद केलंत आणि मधली केबल निघालेली असताना दोन्ही मशीन बूट झाली, तर दोघं एकमेकांना गोळ्या घालत बसतात. हा उठतो, त्याला मारतो. तो उठतो, याला मारतो.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे क्यू-डिव्हाइस. तिसऱ्या ठिकाणी एक लहानसं मशीन, त्यावर क्यू-नेटडी, टीसीपी पोर्ट ५४०३. ते मत देतं, डेटा काहीच ठेवत नाही. पद्धत 'एफएफ-स्प्लिट' निवडा. भांडण झालं की ती नेमक्या एकाच बाजूला मत देते. मग एकूण मतं तीन आणि लागणारी दोन. टू-नोडची सवलत अशा वेळी नको असते. पीसीएसमधून क्यू-डिव्हाइस जोडलंत तर ती तोच काढून टाकतो.

हे तिसरं मशीन कुठे ठेवलंय ते नीट बघा. मी ते ज्या व्हर्च्युअल मशीनवर पाहिलंय, त्याची डिस्क त्याच सॅनवर होती. सॅन गेला की पंचही गेला.

आता लिंक. कोरोसिंक ३ मध्ये आठपर्यंत लिंक देता येतात. तुम्ही दोन द्या. एक दोन सर्व्हरमधली थेट केबल, दुसरी स्विचमधून. टोकन म्हणजे नोड एकमेकांना देत राहतात तो 'मी आहे' असा निरोप. त्याचा डिफॉल्ट टाइमआउट कोरोसिंक ३.१ पासून ३ सेकंद आहे, त्याआधी १ सेकंद होता. त्यावर कन्सेन्ससचा (एकमत व्हायचा) वेळ टोकनच्या १.२ पट. म्हणजे समोरचा गेला हे पक्कं व्हायला साधारण साडेसहा सेकंद. लोक हे १ सेकंदावर आणून "फेलओव्हर फास्ट केला" म्हणतात, आणि मग स्विच जरा अडखळला की विनाकारण सर्व्हर मारला जातो. डिफॉल्ट राहू द्या.

> तपासणी: कोरोसिंक-सीएफजीटूल चालवून दोन्ही लिंक 'कनेक्टेड' दिसतात का बघा. मग एक केबल काढा. एक लिंक पडली पाहिजे आणि क्लस्टरला काहीही झालं नाही पाहिजे. केबल परत लावा, दुसरी काढा. नुसता पिंग चालतोय म्हणजे कोरोसिंक चालतोय असं धरू नका.

जाता जाता एक गोष्ट. "एक नोड पुण्यात, एक नागपुरात ठेवू" असा सल्ला मीटिंगमध्ये कुणीतरी देतंच. तो क्लस्टर नाही, ते डीआर (डिझास्टर रिकव्हरी) आहे आणि त्याची पद्धत वेगळी. दूरच्या दोन ठिकाणी आपोआप फेलओव्हर होऊ दिला की काय होतं, हे २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबने अनुभवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या डेटा सेंटरची जोडणी ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात डेटाबेसचं मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावर गेलं, दोन्हीकडे अशा नोंदी राहिल्या ज्या दुसरीकडे नव्हत्या, आणि सगळं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली.

टप्पा ४: फेन्सिंग

इथे थांबायचं, वेळ द्यायचा. डेटाबेस अजून क्लस्टरमध्ये आलेला नाही, आणि हा टप्पा पास होईपर्यंत येणारही नाही.

दुसरा नोड चालू करणं कुणालाही जमतं. पहिला खरंच मेलाय की नुसता गप्प बसलाय, हे ठरवणं अवघड. गप्प बसलेला नोड दहा सेकंदांनी जागा होऊन त्याच लनवर लिहू लागला, तर एकाच एक्सएफएसवर दोघं लिहितायत. एका म्यानात दोन तलवारी. फेन्सिंगचं काम एवढंच: लन दुसऱ्याला देण्याआधी पहिल्याची वीज तोडून खात्री करणं.

माझ्या सुरुवातीच्या काळात मीही फेन्सिंग 'नंतर'वर ठेवलं होतं. एका दुपारी सोबतच्या मुलाचा फोन आला. "सर, डीएफ कमांड दोन्ही नोडवर तोच माउंट दाखवतंय. हे बरोबर आहे ना?" मी जेवत होतो. घास हातातच राहिला. फाइल सिस्टीम दुरुस्त झाली, पण डेटाबेस काही उघडला नाही. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून उभा केला आणि दिवसभराच्या पावत्या लोकांनी हाताने पुन्हा भरल्या.

1. बीएमसीवर वेगळं खातं काढा. फक्त पॉवर चालू-बंद करण्याइतका हक्क. ॲडमिनचा पासवर्ड वापरलात तर कुणीतरी तो बदलतो आणि क्लस्टरला सांगायचं राहून जातं.

2. आधी हाताने विचारा. फेन्स-आयपीएमआयलॅन एजंट 'लॅनप्लस' पर्याय देऊन थेट कमांड लाइनवरून चालवा आणि 'स्टेटस' विचारा. पहिल्या नोडवरून दुसऱ्याचं, दुसऱ्यावरून पहिल्याचं. दोन्ही उत्तरं 'ऑन' आल्याशिवाय पेसमेकरमध्ये काही लिहू नका.

3. प्रत्येक नोडसाठी एक स्टॉनिथ डिव्हाइस बनवा आणि होस्ट लिस्टमध्ये कुणाला मारायचं त्याचं नाव द्या. इथे पत्ते उलटसुलट होतात. पहिल्याच्या डिव्हाइसमध्ये दुसऱ्याचा बीएमसी पत्ता गेला की संकटाच्या वेळी धडधाकट नोड स्वतःलाच मारतो.

4. शर्यत टाळण्यासाठी एकाला उशीर द्या. लिंक तुटली की दोघं एकाच क्षणी एकमेकांवर बंदूक रोखतात, आणि कधी दोघंही पडतात. म्हणून एका डिव्हाइसवर पीसीएमके-डिले-बेस ५ ते १० सेकंद ठेवतात. उशीर कुठे लावायचा यात गल्लत होते: जो नोड *वाचायला* हवा, त्याला मारणाऱ्या डिव्हाइसवर. नोड एक वाचवायचा असेल तर 'नोड एकला मारणारं' डिव्हाइस उशिरा चालेल, तेवढ्यात नोड एक दुसऱ्याला संपवेल. लिहिताना दोनदा मोठ्याने वाचा.

5. पॉवर बटण लिनक्सला विसरायला लावा. बीएमसीने बटण दाबल्यासारखं केलं की सिस्टमडी शांतपणे शटडाउन करायला घेतो. अडकलेला सर्व्हर ते करत बसला तर मिनिटं जातात. बायोसमध्ये 'इन्स्टंट ऑफ' असेल तर ते निवडा; नसेल तर लॉगिनडीच्या कॉन्फिगमध्ये 'हँडल-पॉवर-की' ला 'इग्नोर' द्या.

6. दुसरी पातळी लावा. याबद्दल जरा सविस्तर.

बीएमसी सर्व्हरच्याच विजेवर जगतो. दोन्ही पॉवर केबल निघाल्या, तर सर्व्हर मेला आणि त्याचा बीएमसीही मेला. जिवंत नोड विचारतो, "बंद झालास का?" उत्तर नाही. फेन्सिंग फेल. आणि फेन्सिंग फेल म्हणजे पेसमेकर डेटाबेस उचलत नाही, थांबून राहतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, "एक सर्व्हर नुसता बंद पडला, एवढंही याला झेपलं नाही!" क्लस्टर मात्र बरोबरच वागतोय, खात्री नाही म्हणून तो हात लावत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, आउटलेट स्वतंत्रपणे बंद करता येणारा पीडीयू. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही आउटलेट एकाच पातळीवर लावा. पेसमेकर आधी दोन्ही बंद करतो, मग दोन्ही चालू करतो. वेगवेगळ्या पातळ्यांवर लावलेत तर एक आउटलेट बंद-चालू होतं, सर्व्हर दुसऱ्या सप्लायवर मजेत चालू राहतो, आणि क्लस्टरला वाटतं मारला.

दुसरा उपाय एसबीडी. सॅनवर एक वेगळा, अगदी छोटा लन घ्यायचा. त्यावर नोडच्या नावाने 'मर' असा निरोप लिहिला जातो. नोड जिवंत असेल तर तो वाचून स्वतःला रीसेट करतो. वाचूच शकत नसेल तर हार्डवेअर वॉचडॉग (सर्व्हर गोठला की त्याला रीसेट करणारा टायमर) रीसेट करतो. आणि मेलेलाच असेल तर ठरलेला वेळ गेल्यावर मेलेला मानला जातो. एसबीडीला खरा हार्डवेअर वॉचडॉग लागतो. सॉफ्टडॉगवर (सॉफ्टवेअरमधल्या वॉचडॉगवर) विसंबू नका. कर्नलच गोठला तर तोही त्याच्यासोबत गोठतो.

> तपासणी, तीन भाग:
> अ) नोड एकवरून 'पीसीएस स्टॉनिथ फेन्स' देऊन नोड दोन मारा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, रॅकसमोर उभं राहून *कुठल्या* सर्व्हरचे दिवे गेले ते बघा. मग उलट.
> आ) दोन्ही क्लस्टर लिंक एकदम काढा. एकच नोड मेला पाहिजे, आणि तो तुम्ही ठरवलेलाच.
> इ) एका सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल उपटा. दुसरी पातळी चालली पाहिजे.
> तिन्ही पास होईपर्यंत पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

> सावधान: 'पीसीएस स्टॉनिथ कन्फर्म' ही कमांड फेन्सिंग करत नाही. "मी डोळ्यांनी पाहिलंय, तो मेलाय" अशी तुमची साक्ष ती नोंदवते. घरून, व्हीपीएनवरून, अंदाजाने ही कमांड कधीही देऊ नका. रॅकपाशी उभ्या असलेल्या माणसाने केबल काढल्याचं फोनवर सांगेपर्यंत नाही.

टप्पा ५: रिसोर्स, ठरलेल्या क्रमाने

आता डेटाबेस. क्लस्टर जे जे चालवतो त्या प्रत्येक गोष्टीला रिसोर्स म्हणतात. सगळं एका ग्रुपमध्ये या क्रमाने: एलव्हीएम, मग फाइल सिस्टीम, मग पोस्टग्रेस, शेवटी व्हर्च्युअल आयपी. ग्रुप वरून खाली चालू होतो आणि खालून वर बंद होतो. सगळे एकाच नोडवर राहतात. वेगळे ऑर्डर आणि कोलोकेशनचे नियम लिहायची गरज नाही. मी पाहिलेल्या किचकट क्लस्टरपैकी निम्मे एका ग्रुपमध्ये बसले असते.

आयपी शेवटी, कारण दुकान उघडायच्या आधी पाटी लावू नये. पोस्टग्रेस एका ठरावीक पत्त्यावरच ऐकत असेल तर आयपीशिवाय तो उठणार नाही. त्याला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगा आणि कुणाला आत घ्यायचं ते एचबीए फाइलमध्ये ठरवा. ॲप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये फक्त व्हर्च्युअल आयपी असला पाहिजे. एखाद्या रिपोर्टमध्ये नोड एकचा खरा पत्ता लपलेला असतोच, तो आजच शोधा.

टाइमआउट. स्टार्टचा टाइमआउट डेटाबेस क्रॅशनंतर सावरायला जेवढा वेळ घेतो त्यापेक्षा बराच जास्त हवा. तो अंदाजाने ठेवू नका. भरपूर लिखाण चालू असताना पोस्टग्रेस किल करा, उठायला किती लागतात मोजा, त्याच्या तिप्पट ठेवा. स्टॉपचा टाइमआउट आणखी नाजूक: स्टॉप वेळेत झाला नाही की पेसमेकर त्या नोडलाच फेन्स करतो. साध्या देखभालीसाठी डेटाबेस हलवायला गेलात, एखादा मोठा रिपोर्ट कनेक्शन धरून बसलेला, आणि धाडकन सर्व्हर रीबूट. दोष क्लस्टरला दिला जातो, चूक २० सेकंदांच्या टाइमआउटची असते.

स्टिकिनेस (आहे त्याच नोडवर राहायचा ओढा) १०० ठेवा, म्हणजे मेलेला नोड परत आला म्हणून डेटाबेस लगेच त्याच्याकडे धावत जाणार नाही. नाहीतर एका बिघाडाचे दोन व्यत्यय होतात.

मायग्रेशन-थ्रेशोल्ड (किती वेळा पडल्यावर नोड बदलायचा तो उंबरठा) ३ आणि फेल्युअर-टाइमआउट (जुन्या पडण्याची मोजणी विसरायचा वेळ) काही मिनिटांचा ठेवा. डिफॉल्टमध्ये उंबरठा अनंत असतो; सारखी पडणारी सर्व्हिस त्याच नोडवर पुन्हा पुन्हा उठवली जाते.

क्लस्टरच्या लिंक शाबूत आहेत, पण ग्राहकांकडे जाणारा स्विच पुढे कुठेतरी मेला, तर पेसमेकरला ते आपोआप कळत नाही. त्यासाठी पिंग रिसोर्स क्लोन करून लावतात. लक्ष्य एकच गेटवे देऊ नका, दोन-तीन द्या, आणि नियम 'जिथे जास्त लक्ष्यं दिसतात तिकडे जा' असा ठेवा. 'गेटवे दिसत नसेल तर इथे अजिबात चालू नको' असा नियम लिहिलात तर गेटवेच्या रीबूटला दोन्ही नोड अपात्र ठरतात, आणि धडधाकट डेटाबेस बंद होतो.

टप्पा ६: मुद्दाम मोडा, आणि बाहेरून मोजा

चाचणीचा निकाल क्लस्टरच्या स्टेटसवर वाचू नका. तिसऱ्या एखाद्या मशीनवरून व्हर्च्युअल आयपीवर दर सेकंदाला एक ओळ लिहिणारी छोटी स्क्रिप्ट सोडा, वेळेसकट. मग मोडा. ओळींमध्ये जेवढं भोक पडलं, तेवढाच तुमचा खरा डाउनटाइम.

माझ्या एका चाचणीत शेवटची ओळ ११:४२:०७ ची आणि त्यानंतरची ११:४२:५१ ची. ४४ सेकंद. लॉग शेजारी ठेवून फोड केली: ओळखायला ७, फेन्सिंगला १६, एलव्हीएम आणि माउंटला ३, पोस्टग्रेस सावरायला १८. म्हणजे टोकन कमी करून काहीच हाती लागलं नसतं. पोस्टग्रेसचे चेकपॉइंट (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवायचे टप्पे) कमी अंतराने घेतले, आणि ते १८ बरेच खाली आले.

मोडायचा क्रम, सौम्य ते क्रूर:

1. पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस किल-९ करा. त्याच नोडवर परत उठली पाहिजे.
2. नोड स्टँडबायवर टाका. कुणी न मरता सगळं दुसरीकडे गेलं पाहिजे.
3. सिसआरक्यूमधून (कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीतून) कर्नल क्रॅश करा. फेन्सिंग होऊन मग फेलओव्हर.
4. क्लस्टरची दोन्ही नेटवर्क तोडा. केबल काढता येत नसतील तर फायरवॉलने अडवा, पण येणारं आणि जाणारं *दोन्ही*. एकच दिशा अडवली तर निकाल फसवा येतो. इंटरफेस डाउन करून ही चाचणी करू नका. खरी केबल तुटते तेव्हाचं चित्र वेगळं असतं.
5. चालू नोडच्या सॅनच्या सगळ्या केबल काढा. इथे बरेच क्लस्टर नापास होतात: मल्टिपाथ (सॅनचे अनेक रस्ते सांभाळणारी व्यवस्था) 'क्यू-इफ-नो-पाथ'वर असेल तर लिहिणं एरर न देता नुसतं लटकतं, आणि मॉनिटरला काही कळायला वेळ लागतो.
6. दोन्ही पॉवर केबल. होय, पुन्हा एकदा, या वेळी डेटाबेससकट.

प्रत्येक चाचणी दोन्ही दिशांनी. नोड एककडून दोनकडे जातो म्हणून दोनकडून एककडे जाईलच असं नाही. एका नोडवर एखादं पॅकेज कमी असतं आणि ते याच वेळी कळतं.

टप्पा ७: रोजचं चालवणं

*देखभाल.* पोस्टग्रेसच्या कॉन्फिगशी खेळायचं असेल तर आधी मेंटेनन्स मोड चालू करा. नाहीतर तुम्ही हाताने बंद केलेला डेटाबेस पेसमेकर तुमच्या डोळ्यांदेखत उठवेल. काम झाल्यावर मोड बंद करा. तो तसाच राहिला तर क्लस्टर आहे आणि नाहीही. पॅचिंग एका वेळी एकाच नोडचं, स्टँडबायवर टाकून.

*मूव्ह.* जुन्या पीसीएसमध्ये 'रिसोर्स मूव्ह' दिलं की मागे एक कायमचा लोकेशनचा नियम उरतो. 'क्लिअर' करायचं विसरलात, आणि महिन्याभराने फेलओव्हरच होत नाही, कारण तुम्हीच त्या नोडवर बंदी घातलेली. हलवल्यावर नियमांची यादी बघायची सवय लावा.

*बूटला ऑटोस्टार्ट.* यावर दोन मतं आहेत. मी दोन नोडच्या क्लस्टरमध्ये तो बंद ठेवतो. मारला गेलेला नोड का मारला गेला हे माणसाने बघावं, मगच तो आत यावा. तुमच्याकडे रात्री कुणीच नसेल आणि वीज वारंवार जात असेल, तर दोन्ही नोड एकदम बंद होऊन परत आल्यावर कुणीतरी हाताने चालू करेपर्यंत सगळं थांबेल, हे मात्र धरून चाला.

*कळवणं.* चांगला क्लस्टर बिघाड लपवतो. एका ठिकाणी वार्षिक तपासणीला गेलो तर दुसरा नोड तीन आठवड्यांपासून बंद. पॉवर सप्लायवर पिवळा दिवा, पंख्याचा आवाज नाही. कुणाची तक्रार नव्हती, कारण डेटाबेस चालू होता. नोड गेला, फेन्सिंग झालं, लिंक पडली किंवा क्यू-डिव्हाइस तुटलं, यातल्या प्रत्येक गोष्टीचा मेसेज माणसाच्या मोबाइलवर आला पाहिजे. पेसमेकरच्या अलर्ट एजंटने आणि थोड्या स्क्रिप्टने हे होतं. स्टॉनिथ डिव्हाइसचं मॉनिटरिंगही चालू ठेवा, म्हणजे बीएमसीचा पासवर्ड बदलल्याचं संकटाआधी कळेल.

शेवटचं काम कागदाचं. एक पान छापून लॅमिनेट करा आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर: कुठला सर्व्हर नोड एक आणि कुठला दोन, प्रत्येकाच्या चारही केबलचे रंग, बीएमसीचे पत्ते, 'कन्फर्म' कमांड देण्याआधी कुठल्या दोन वायर काढायच्या, पासवर्डचा बंद लिफाफा कुणाच्या कपाटात आहे, आणि मागची चाचणी कुठल्या तारखेला झाली. तारखेच्या खाली चार ओळी कोऱ्या सोडा, पेनने भरायला.